एका चढाने लावलेलं वेड

इंडिया गेटकडे पाठ करा, तोंड रायसीना टेकडीकडे करा आणि कर्तव्य पथावरून सरळ चालायला लागा. मोबाइल खिशात, नजर राष्ट्रपती भवनाच्या घुमटावर. लांबून सगळं छान दिसतं: घुमट, त्याखालची खांबांची रांग, रुंद दर्शनी भाग. आता आपण जवळ चाललोय म्हणजे इमारत मोठी होत जाणार, हा आपला जन्मभराचा अनुभव. आणि तिथेच गंमत सुरू होते. विजय चौक जवळ येईल तशी ती इमारत खाली खाली जायला लागते! आधी पायऱ्या जातात, मग खांब जातात, आणि प्रत्यक्ष चौकात उभं राहावं तर 340 खोल्यांचा अख्खा प्रासाद टेकडीने गिळलेला. वर उरतो तो नुसता घुमट. पुढचा चढ चढा, की तो पुन्हा हळूहळू उगवतो.

दिल्ली मला नवी नव्हती. नातलगांकडे येणं-जाणं असायचं, प्रजासत्ताक दिनाचं संचलन तर लहानपणापासून टीव्हीवर पाठ. पण एवढी मोठी इमारत डोळ्यांदेखत बुडते हे या खेपेला दिसलं, तेही दिल्लीत आर्किटेक्चर शिकणाऱ्या भाच्यामुळे. त्याने मला इंडिया गेटपाशी उभं केलं, म्हणाला, ‘‘मावशी, काही बोलू नकोस, फक्त चाल.’’ विजय चौकात मी चकित होऊन थांबले तेव्हा तो हसत म्हणाला, ‘‘या चढावरून दोन आर्किटेक्टांची मैत्री तुटली, माहितीये?’’

झालं! तिथून पुढे मला दुसरं काही सुचेना. परतल्यावर पुस्तकं मागवली, नकाशे पसरले, घरच्यांना जेवताना रायसीना टेकडीचा उतार समजावून झाला. सरकारी इमारत म्हणजे मोठे खांब, लांब व्हरांडे आणि दारात पोलीस, एवढीच माझी समज होती. एखादा आर्किटेक्ट कागदावर रेघ ओढतो आणि त्या रेघेने राज्य कोण करणार, कुठे बसून करणार आणि लोकांनी त्याला कुठून पाहायचं हे ठरतं, ही कल्पनाच माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.

तर त्या भांडणाची गोष्ट. 12 डिसेंबर 1911 ला दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी नगररचना समिती नेमली गेली. तिच्यात एडविन लुटियन्स होता. इंग्लंडात श्रीमंतांची देखणी गावाकडची घरं बांधून नावारूपाला आलेला, बायको तर एका माजी व्हाइसरॉयची, लॉर्ड लिटनची मुलगी. व्हाइसरॉयचा प्रासाद, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, त्याच्याकडे आला. बाजूच्या सचिवालयांसाठी आला हर्बर्ट बेकर. दोघांची ओळख तरुणपणची, लंडनमध्ये अर्नेस्ट जॉर्ज यांच्या कार्यालयात उमेदवारी करतानाची. म्हणजे जुने मित्र जगातलं सर्वांत मोठं काम वाटून घेत होते. याहून छान काय असणार?

मूळ विचार असा, की टेकडीच्या माथ्यावर एकटा व्हाइसरॉयचा प्रासाद आणि सचिवालयं खाली. बेकर म्हणाला, तसं नको. राज्यकारभार हाही राज्याइतकाच महत्त्वाचा, तेव्हा सचिवालयंही वरच हवीत, प्रासादाच्या बरोबरीने. हे त्याच्या डोक्यात आलं कुठून? दक्षिण आफ्रिकेतून! प्रिटोरियात एका टेकडीच्या उतारावर त्याने नुकत्याच युनियन बिल्डिंग्ज बांधल्या होत्या: दोन सारख्या बाजू, मध्ये अर्धवर्तुळाकार खांबांची रांग. एक बाजू इंग्रजांची, दुसरी बोअरांची, दोघांचा समेट दगडात कोरलेला. (त्या देशातल्या बहुसंख्य काळ्या माणसांची बाजू मात्र त्या नकाशात कुठेच नव्हती. आणि 10 मे 1994 ला नेल्सन मंडेलांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती नेमकी तिथेच! हे वाचून मी पुस्तक मिटून खोलीभर एक चक्कर मारली.) आता दिल्लीची ती सचिवालयं, नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक आठवा. समोरासमोर उभी असलेली ती जुळी भावंडं. प्रिटोरियाची टेकडी दिल्लीत आली ती अशी.

व्हाइसरॉय हार्डिंगला बेकरचं म्हणणं पटलं. सचिवालयं वर आली, म्हणून लुटियन्सचा प्रासाद मागे, पश्चिमेकडे सरकला. टेकडीचा माथा पुढे आणि इमारत मागे, म्हणजे खालून पाहणाऱ्याच्या नजरेत माथा आडवा येणारच. 1913 मध्ये चढ किती ठेवायचा ते ठरलं, लुटियन्सनेही त्याला मान्यता दिली. पुढे त्याच्या ध्यानात आलं, की आपला प्रासाद विजय चौकातून दिसणारच नाही! मग त्याने हट्ट धरला, की दोन सचिवालयांच्या मधून माथा खोदा, रस्ता एका सलग संथ चढाने वर न्या, म्हणजे इमारत पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत नजरेसमोर राहील. बेकरने ठाम नकार दिला. दोन ब्लॉकमधलं अंगण सपाटच हवं, एका ब्लॉकमधून दुसऱ्यात जाणारी माणसं खंदक ओलांडणार का? शिवाय खर्च. लुटियन्सने वर्षानुवर्षं वरिष्ठांचे उंबरठे झिजवले. चढ तसाच राहिला, मैत्री मात्र गेली.

आता जरा थांबून यातलं खरं भांडण पाहा. लुटियन्सचं म्हणणं, सम्राटाचा प्रतिनिधी सतत दिसला पाहिजे. बेकरचं म्हणणं, कारभार त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला पाहिजे. सत्ता म्हणजे सिंहासन की दफ्तर? हा प्रश्न कुणी भाषणात मांडला नाही, तो चढाच्या मोजमापात मांडला. दफ्तर जिंकलं! आजही विजय चौकात उभं राहिल्यावर समोर ठळक दिसतात त्या दोन सचिवालयांच्याच इमारती, राष्ट्रप्रमुखाचं घर मागे लपलेलं. ज्या देशात खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असते आणि राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख असतात, त्या देशाला याहून चपखल चित्र कुठे मिळालं असतं? आणि ते रेखाटलं कुणी, तर ज्याला अशा देशाची कल्पनाही नव्हती त्या माणसाने!

मग राष्ट्रपती भवन आतून पाहिलं. आधी नोंदणी करून जाता येतं, जरूर जा. 70 कोटी विटा आणि 30 लाख घनफूट दगड लागलेली ही वास्तू पाहताना मान मोडते, पण मी शोधत होते लुटियन्सची माघार. हा गृहस्थ भारतीय वास्तुकलेची पत्रांतून यथेच्छ टवाळी करत होता. त्याला हवी होती ग्रीक-रोमन शिस्त. हार्डिंगचा आग्रह, की इमारतीत भारत दिसला पाहिजे. शेवटी काय झालं? डोक्यावरचा घुमट सांचीच्या स्तूपावरून आला, त्याच्या बुडाशी सांचीच्याच कठड्याची नक्षी आली. उन्हाला आणि पावसाला अडवणारा रुंद छज्जा सगळ्या इमारतीभोवती फिरला, कारण दिल्लीच्या उन्हाशी वाद घालून चालत नाही. छत्र्या आल्या, जाळ्या आल्या, हत्ती आले. खांबांच्या माथ्यावर तर त्याने ग्रीकांनाही बाजूला सारलं आणि कोपऱ्यांत दगडी घंटा लटकवल्या. त्या वाजत नाहीत, पण एकदा दिसल्या की प्रत्येक खांबाशी आपण मान वर करून त्या शोधत राहतो. मालकाचा आग्रह, इथलं ऊन आणि इथला दगड यांनी मिळून एका हट्टी माणसाला असं वळवलं, की त्याच्या हातून त्याची सर्वोत्तम इमारत घडली.

दरबार हॉलमध्ये उभी राहिले तेव्हा मात्र आर्किटेक्ट विसरले. 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी इथेच झाला. व्हाइसरॉयच्या सिंहासनासाठी आखलेल्या या गोल दालनात त्या मंत्रिमंडळातले कायदामंत्री डॉ. आंबेडकर होते, आणि बांधकाम खातं सांभाळणारे आपले काकासाहेब गाडगीळही होते. आज तिथे गुप्तकाळातली बुद्धमूर्ती आहे. आणि राजाजींचा किस्सा तर मला इतका आवडला, की भेटेल त्याला सांगते आहे: गव्हर्नर जनरल झाल्यावर त्यांना व्हाइसरॉयची ती अवाढव्य दालनं नकोशी झाली, ते पाहुण्यांच्या बाजूच्या लहान खोल्यांत राहायला गेले. पुढचे राष्ट्रपतीही तिकडेच राहिले. एवढा प्रासाद रचणाऱ्याने यजमानासाठी जे योजलं ते यजमानाने नाकारलं आणि पाहुण्याची खोली घेतली!

आता जुनं संसद भवन, हल्लीचं संविधान सदन. ते आहे कुठे ते आठवा. टेकडीवर नाही. कर्तव्य पथाच्या मुख्य रेषेवरही नाही. खाली, नॉर्थ ब्लॉकच्या अलीकडे, एका बाजूला. असं का? कारण राजधानी आखली तेव्हा संसदेची इमारत आराखड्यातच नव्हती. विधिमंडळासाठी व्हाइसरॉयच्या घरातलं एक दालन पुरे आहे असं ठरलं होतं! 1919 च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी दोन सभागृहं दिली, वर संस्थानिकांचं नरेंद्र मंडळ, म्हणजे तीन सभागृहांची जागा हवी झाली. तोवर टेकडी भरून गेली होती. व्हाइसरॉय वर, कारकून वर, आणि लोकांचे प्रतिनिधी पायथ्याशी, कडेला. लोकशाही किती उशिरा आणि किती नाइलाजाने सुचली, हे इतिहासाच्या पुस्तकाआधी नकाशाच सांगतो.

काम बेकरचं होतं. त्याने सुचवला त्रिकोण: तीन सभागृहांचे तीन हात, मध्ये घुमट. लुटियन्स त्या वेळी सल्लागाराच्या जागी, आणि चढाची जखम ताजी. तो म्हणाला, वर्तुळ! समितीने त्याचं मानलं. बेकरला स्वतःच्या इमारतीला प्रतिस्पर्ध्याचा आकार द्यावा लागला. चढ बेकरने जिंकला, गोल लुटियन्सने. 1921 मध्ये पायाभरणी, 18 जानेवारी 1927 ला उद्‌घाटन, खर्च 83 लाख रुपये. 560 फूट व्यास, बाहेर 144 खांबांचा गोल व्हरांडा. आत मात्र बेकरचा त्रिकोण जिवंत आहे: गोल ताटात तीन वाट्या ठेवाव्यात तशी तीन सभागृहं, त्यांच्यामध्ये अंगणं आणि मधोमध सेंट्रल हॉल.

भाच्याला मी विचारलं, ‘‘पण गोलच का?’’ तो म्हणाला, ‘‘तू भोवती फिरून बघ. हिचं तोंड कुठे आहे सांग.’’ खरंच सापडेना! चौकोनी इमारत मुख्य रस्त्याला तिरकी पडली असती तर डोळ्यांना खटकली असती. गोलाला पुढची बाजू नाही, मागची नाही, तिरकं पडणं नाही. बाजूला पडलेल्या जागेची उणीव आकाराने अशी झाकली, की पुढे तोच आकार भारतीय लोकशाहीचं चित्र म्हणून पाठ्यपुस्तकांपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे गेला. तेव्हाच्या नकाशात अडचण म्हणून आलेली गोष्ट आज जगभर आपली ओळख झाली आहे.

आणि त्या खोल्यांची नशिबं! सभागृहाच्या वरच्या सज्जातून प्रेक्षकांनी कामकाज पाहावं अशी रचना होती, त्याच सज्जातून 8 एप्रिल 1929 ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी खाली बाँब टाकले. सेंट्रल हॉल हे मुळात सदस्यांसाठीचं ग्रंथालय. 98 फूट व्यासाच्या घुमटाखाली कपाटं आणि वाचायची शांतता, एवढंच बेकरच्या मनात. 1946 मध्ये कपाटं हलवून तिथे संविधान सभेची आसनं मांडली गेली, 9 डिसेंबरला पहिली बैठक झाली आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं राज्यघटनेचं कलम न् कलम त्या ग्रंथालयात घासून पुसून तयार झालं. बाबासाहेबांइतका पुस्तकवेडा माणूस आणि त्याने घटना पुढे नेली ती एका वाचनालयात! एखाद्या कादंबरीकाराने हे रचलं असतं तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं.

तिसरी वाटी, संस्थानिकांची. संस्थानं विलीन झाली, राजेमहाराजांचं मंडळ संपलं आणि त्या दालनात 28 जानेवारी 1950 ला सर्वोच्च न्यायालय बसलं. 1958 पर्यंत तिथेच चाललं. जिथे मानपानाच्या क्रमाने राजे बसायचे तिथे कायद्यापुढे समान नागरिक उभा राहू लागला, भिंती त्याच.

सर्वोच्च न्यायालयाची स्वतःची इमारत कुणी रचली हे शोधताना मी जवळजवळ ओरडलेच. गणेश भिकाजी देवळालीकर! सीपीडब्ल्यूडीचे, म्हणजे केंद्राच्या बांधकाम विभागाचे, पहिले भारतीय प्रमुख. लुटियन्सचं नाव दिल्लीच्या एका अख्ख्या भागाला चिकटलंय, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा रचनाकार आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? टिळक मार्गावर जाऊन मी ती इमारत डोळे भरून पाहिली. रचना तराजूची. मधला भाग दांडी, दोन्ही बाजूंचे भाग पारडी, मुख्य न्यायालयं मध्यावर, वर घुमट. लाल आणि पिवळसर दगड, खांबांचे व्हरांडे, छत्र्या: भाषा बरीचशी लुटियन्स-बेकर यांचीच. त्यावर काही जण नाक मुरडतात, स्वतंत्र देशाने साम्राज्याचीच नक्कल का करावी म्हणतात. मला मात्र ते पटत नाही. नव्या राष्ट्राच्या पहिल्या दशकात लोकांना न्यायालय ओळखीचं आणि भक्कम वाटायला हवं होतं. घुमटाखाली व्हाइसरॉय बसतो हे लोकांनी पाहिलं होतं. देवळालीकरांनी घुमट तोच घेतला आणि खाली न्याय बसवला.

त्याच काळात सीपीडब्ल्यूडीच्याच गेहलोत यांनी विज्ञान भवन रचलं. तिथे ते साम्राज्य ओलांडून थेट आपल्या अजिंठ्यापर्यंत मागे गेले आणि प्रवेशद्वाराला चैत्याची कमान दिली. सरकारी नोकरीतले हे आर्किटेक्ट, फाइलवर सही करणारे, निविदा काढणारे. पण भारत दिसतो कसा हे ठरवण्याचं काम त्यांच्या टेबलावर होतं.

एकदा हा चष्मा चढला की उतरत नाही. जगभरच्या राजधान्या मी आता याच नजरेने बघते. कॅनबेराला 1988 मध्ये नवं संसद भवन उघडलं ते टेकडीवर नाही, टेकडीच्या पोटात! रोमाल्दो जुर्गोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माथ्यावर हिरवळ पसरली, म्हणजे नागरिक वर आणि प्रतिनिधी त्यांच्या पायाखाली. (पुढे सुरक्षेसाठी कुंपण आलं, तेही काळाचंच लक्षण.) बर्लिनमध्ये नॉर्मन फॉस्टरने जुन्या राइशटागवर काचेचा घुमट चढवला, 1999 पासून लोक त्यातून गोल गोल वर जातात आणि खाली सभागृह दिसतं. रायसीनाचाच प्रश्न, कोण वर आणि कोण खाली, आणि उत्तरं नेमकी उलटी.

आणि आता दिल्लीतलं नवं उत्तर. 28 मे 2023 ला उद्‌घाटन झालेलं नवं संसद भवन, आर्किटेक्ट अहमदाबादचे बिमल पटेल. आकार? त्रिकोण! शंभर वर्षांपूर्वी बेकरच्या हातून निसटलेला आकार जुन्या वर्तुळाच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला. अर्थात कारण वेगळं, भूखंडच त्रिकोणी आहे. पण नकाशात गोल आणि त्रिकोण शेजारी शेजारी पाहिल्यावर मला तरी हसू आवरलं नाही. मोराची कल्पना घेऊन लोकसभा, कमळाची घेऊन राज्यसभा. जुन्यासारखा सेंट्रल हॉल इथे नाही. संयुक्त बैठक लोकसभेच्या सभागृहातच होऊ शकते, 1,272 जणांना सामावून. कॉफीच्या कपावर विरोधक आणि सत्ताधारी जिथे एकमेकांच्या शेजारी सहज टेकायचे ती जागा नव्या आराखड्यात राहिली नाही. तिची जागा आता कँटीन घेईल की कॉरिडॉर, की कुणीच नाही, यावरही थोडीबहुत लोकशाही अवलंबून असते असं मला हल्ली वाटायला लागलंय.

पण मला झोप उडवणारा आकडा वेगळाच आहे. नव्या लोकसभेत आसनं 888. निवडून येणारे खासदार आज 543. राज्यसभेतही 384 आसनं, सदस्य 245. उरलेल्या खुर्च्या कुणाच्या? लोकसंख्येप्रमाणे मतदारसंघांची फेररचना झाली तर येणाऱ्यांच्या! कोणत्या राज्याला किती जागा, दक्षिणेचं काय, महाराष्ट्राचं काय, याचा वाद अजून मिटायचाय, पण त्या वादाचं निमित्त असलेल्या खुर्च्या पॉलिश होऊन बसल्यासुद्धा. 1927 ची इमारत आधी झालेल्या कायद्याच्या मागून धापा टाकत आली होती. 2023 ची इमारत अजून न झालेल्या निर्णयाच्या पुढे जाऊन उभी आहे. तेव्हा फेररचनेची चर्चा टीव्हीवर रंगेल त्या दिवशी तुम्ही नेत्यांची भाषणं जरूर ऐका. मी मात्र सभागृहाचा नकाशा उघडून खुर्च्या मोजत बसणार आहे, आणि भाच्याला फोन करून विचारणार आहे, की रांगा कुठून वाढवायच्या ते आर्किटेक्टांनी आधीच कसं आखून ठेवलंय.